पूर्वानुमानी तापनियंत्रण, इमारतींचे

इमारतीचे औष्णिक वर्तन आणि हवामानाचा अंदाज यांवरून पुढील काही तासांचे तापमान आगाऊ काढून त्यानुसार तापन व शीतन यंत्रणा चालविण्याची पद्धत. सुखकारक तापमान कमीत कमी ऊर्जेत राखणे हा तिचा उद्देश होय.

स्वयंचलित तापनियंत्रणाचा पाया एकोणिसाव्या शतकात घातला गेला. अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञांनी १८३० मध्ये दोन धातूंच्या जोडपट्टीच्या वाकण्यावर चालणाऱ्या थर्मोस्टॅटचे पेटंट घेतले. अमेरिकेतील व्हाइटवॉटर येथील अध्यापक वॉरन जॉन्सन यांच्या विद्युत् तापदर्शकामुळे (१८८३) वर्गातील तापमानाची सूचना भट्टीवाल्यास घंटेने मिळू लागली. मिनीॲपोलिस येथे ॲल्बर्ट बुट्झ यांनी १८८५ मध्ये भट्टीची झडप आपोआप उघडण्याची व मिटण्याची योजना केली.

ही साधने घडून गेलेल्या बदलालाच प्रतिसाद देतात. जाड भिंती व काँक्रीट मात्र तापण्यास व निवण्यास कित्येक तास घेतात. त्यामुळे सकाळी तापविलेली खोली दुपारच्या उन्हाने जास्त तापते व मग ती थंड करण्यासाठी पुन्हा ऊर्जा खर्ची पडते.

यावरील उपाय रासायनिक उद्योगांतून आला. फ्रान्समध्ये झाक रिशाले व त्यांचे सहकारी यांनी १९७८ मध्ये, तर अमेरिकेत शेल कंपनीतील कटलर व रमाकर यांनी १९७९ मध्ये प्रतिमानाधिष्ठित पूर्वानुमानी नियंत्रणाच्या पद्धती मांडल्या. यात संगणक गणितीय प्रतिमानावरून पुढील काळाची योजना आखतो; तिचा पहिलाच टप्पा अंमलात आणून नव्या मोजमापांनुसार योजना पुन्हा आखली जाते. त्यामुळे अंदाजातील चूक साचत नाही.

इमारतींच्या बाबतीत प्राग येथील चेक तंत्र विद्यापीठाच्या इमारतीवरील प्रयोग उल्लेखनीय आहे. तेथे छताच्या काँक्रीटमधील नळ्यांतून गरम पाणी खेळविले जाते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उष्णतारोधन व बाहेरील तापमान यांप्रमाणे तापनाच्या ऊर्जेत १५ ते २८ टक्के बचत झाली.

स्वित्झर्लंडमध्ये झुरिक येथील तंत्रविद्यापीठाच्या पुढाकाराने २००७ मध्ये ‘ऑप्टिकंट्रोल’ प्रकल्प सुरू झाला. त्यात बाझेलजवळील एका वापरातील कार्यालयीन इमारतीवर ही पद्धत यशस्वीपणे चालविण्यात आली. संगणकीय अनुकरणात वर्षभराच्या अनवीकरणीय प्राथमिक ऊर्जेची सु. १७ टक्के बचत आढळली. तथापि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लाभ-व्यय विश्लेषणानुसार, केवळ चालू खर्चातील बचतीतून प्रारंभिक गुंतवणूक भरून निघणे अवघड ठरते. कारखान्यातील एका मोठ्या संयंत्रासाठी केलेले प्रतिमान दीर्घकाळ उपयोगी पडते. इमारती मात्र परस्परांहून भिन्न असल्याने प्रत्येकीसाठी ते नव्याने करावे लागते. मोजमापांच्या नोंदींवरून प्रतिमान आपोआप तयार करण्याच्या संशोधनाला त्यामुळेच महत्त्व आले आहे.