पेंढीचा आळा आणि कॉलमची रिंग

आज आपण घराविषयी बोलणार आहोत.

मागच्या महिन्यात आमच्या गटातल्या एका ताईंच्या घराचं काम सुरू झालं. जोत्यावर कॉलमचे गज उभे राहिले. मिस्त्री म्हणाला, "फुटाफुटावर रिंगा टाकतो, चालतंय." ताईंनी गटाच्या बैठकीत विचारलं, "खरंच चालतंय का गं?" आम्हांला तरी कुठं ठाऊक होतं! म्हणून आम्ही शोधायला लागलो. त्यातून जो इतिहास हाती आला, तो आज तुमच्यासमोर ठेवतो.

सुरुवात आपल्या घरापासूनच करू. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसराची जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली सुमारे ८ हजार माणसं गेली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. एवढ्या भूकंपात जगात सगळीकडे इतकी माणसं मरत नाहीत. मग इथं का मेली?

कारण आपली घरं. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, पण दगड मातीत बसवलेले. भिंतीचा आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, आणि दोन्हींना जोडणारा आडवा दगड बहुतेक घरांत नव्हताच. वर माळवद, त्यावर दीड-दोन फूट मातीचा भार. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच माळवद त्या पहाटे अंगावर आलं.

त्यानंतर आपल्याकडे एक समज घट्ट बसला: माळवद मारतं, स्लॅब तारतो. ज्याच्याकडे चार पैसे आले, त्यानं सिमेंटचं घर बांधलं. हा समज अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा गुजरातनं दाखवला.

२६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये मोठा भूकंप झाला. तिथून दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत सिमेंटच्या उंच इमारती बसल्या. त्यांतल्या बऱ्याच इमारतींत तळमजल्याला भिंती नव्हत्या. गाड्या लावायला जागा हवी म्हणून नुसते खांब उभे केले होते. वर भिंतींनी भरलेले जड मजले, खाली काटकुळे पाय. जमीन हलली तेव्हा सगळा ताण त्या पायांवर आला. खांब मोडले, वरचं सगळं खाली आलं. तिथं सिमेंट होतं, लोखंडही होतं. बांधणी मात्र चुकली होती.

चांगली बांधणी काय करते, हे आपल्या देशात खूप आधी दिसलं होतं. १९३१ साली बलुचिस्तानात माच इथं भूकंप झाला. त्यानंतर एस. एल. कुमार नावाच्या तरुण रेल्वे इंजिनिअरनं क्वेट्टा भागात हादरे सोसतील अशी रेल्वेची घरं आखली. चारच वर्षांनी, ३१ मे १९३५ च्या पहाटे, क्वेट्टा शहर जमीनदोस्त झालं. कुमारांची घरं उभी राहिली. पुढे १९६२ साली देशानं भूकंपासाठी बांधकामाचे पहिले नियम छापले. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनानगर हादरलं, धरणालाही तडे गेले. तेव्हा कळलं की दख्खनचा कातळसुद्धा हलतो. नकाशात कोयनेचा धोका वाढवला गेला. आपलं किल्लारी मात्र १९९३ पर्यंत सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यातच राहिलं. २००२ च्या नकाशात ते वरच्या, तिसऱ्या पट्ट्यात गेलं.

आता ताईंच्या रिंगांकडे येऊ. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. ताणासाठी आत गज घालतात. भूकंप घराला आडवा हलवतो. तेव्हा कॉलमच्या डोक्याशी आणि पायाशी सगळ्यात जास्त जोर येतो. कडब्याची पेंढी आठवा. आळा घट्ट असेल तर पेंढी फेकली तरी सुटत नाही. आळा सैल असेल तर उचलतानाच धाटं विखुरतात. कॉलममधले उभे गज म्हणजे धाटं, आणि रिंग म्हणजे आळा. रिंगा लांब लांब असल्या की गज बाहेर फुगतात, काँक्रीट ढासळतं.

याबद्दलचे नियम १९९३ सालीच छापले गेले. कॉलमच्या दोन्ही टोकांना, किमान दीड फूट लांबीत, दोन रिंगांमधलं अंतर १० सेंटीमीटरहून जास्त नको. मधल्या भागात ते कॉलमच्या जाडीच्या निम्म्याहून जास्त नको. म्हणजे बारा इंची कॉलमला मधेही सहा इंच. फूटभर कुठंच नाही! शिवाय रिंगेची टोकं नुसती काटकोनात वाकवायची नाहीत. ती आणखी आत, काँक्रीटच्या पोटात वळवायची. नाहीतर हादऱ्यात रिंग उघडते. ओला फोक वाकतो, वाळकी काटकी मोडते. घर ओल्या फोकासारखं व्हावं, यासाठी हा सगळा खटाटोप.

"हे बायकांचं काम आहे का?" असं कुणी विचारलं, तर त्यालाही इतिहासात उत्तर आहे. किल्लारीनंतर लाखाहून अधिक घरांच्या दुरुस्तीचं आणि मजबुतीचं काम निघालं. तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेसोबत गावोगावच्या महिला 'संवाद सहायक' झाल्या. घराला कुठं काय मजबुती हवी हे त्या आधी शिकल्या, मग घरोघरी सांगत फिरल्या. कच्छच्या भूकंपानंतर याच भागातल्या बाया तिकडच्या बायांना धीर द्यायला आणि अनुभव सांगायला गेल्या.

आम्ही पाचजणी टेप घेऊन ताईंच्या जोत्यावर गेलो. मिस्त्री आधी हसला, मग वैतागला. शेवटी इंजिनिअरला बोलावलं. त्यांनी रिंगांचं अंतर कागदावर काढून दिलं आणि रिंगा पुन्हा बांधायला लावल्या. लोखंडाचा खर्च थोडा वाढला, दोन दिवस गेले. ताईंच्या सासूबाई बाजूला बसून सगळं बघत होत्या. १९९३ ला त्यांची थोरली लेक माळवदाखाली गेली. त्या एवढंच म्हणाल्या, "दोन दिवस जाऊ द्या. माणूस गेलं की येत नाही."

मैत्रिणींनो, स्लॅब पडला, गिलावा झाला की रिंगा कुणालाच दिसत नाहीत. बघायच्या असतील तर काँक्रीट ओतण्याआधीच बघायच्या. काँक्रीट ओतल्यावर किमान सात दिवस, आणि पीपीसी सिमेंट असेल तर दहा दिवस, ते ओलं ठेवायचं. तळमजला नुसत्या खांबांवर मोकळा सोडायचा विचार असेल, तर आधी इंजिनिअरला विचारायचं. तुमच्या गटात कुणाचं घर निघालं असेल, तर टेप घेऊन एकदा जोत्यावर जाऊन या.