हाजीरजामीन

आपल्या जुन्या मराठी व्यवहारात जामिनाचे निरनिराळे प्रकार होते. पैशाची हमी घेई तो मालजामीन. आणि बोलावल्या वेळी अमुक इसमास हजर करीन असे पत्करी, तो हाजीरजामीन. हे दोन्ही शब्द आता कोशात जाऊन पडले आहेत. मात्र त्यांतला भेद विसरल्याची किंमत गरिबाला मोजावी लागते, हे माझ्या ध्यानी आणून दिले ते वर्गातल्या एका मुलाने.

त्या दिवशी लोकमान्यांवरचा १८९७ सालचा राजद्रोहाचा खटला शिकवीत होतो. २७ जुलैच्या रात्री टिळकांना मुंबईत अटक झाली. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टात न्यायमूर्ती पार्सन्स आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यापुढेही यश आले नाही. अखेर बॅरिस्टर दावर यांनी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढे पुन्हा अर्ज केला आणि ४ ऑगस्टला जामीन मिळाला. तय्यबजींचा विचार साधा होता. आरोपी खटल्याला हजर राहील ना, एवढेच पाहावयाचे. महिनाभर कोठडीत ठेवून पुढे तो निर्दोष ठरला, तर न्याय कसला झाला? जामिनाचा आकडा मात्र ५०,००० रुपयांचा होता! शेठ द्वारकादास धरमसी पुढे आले आणि टिळक सुटले. सप्टेंबरात खटला उभा राहिला, तेव्हा ते कोर्टात हजर होते. १४ सप्टेंबरला त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

धडा संपला, तोच मागल्या बाकावरून प्रश्न आला, "सर, आणि शेठजी नसते तर?"

मुलाने नेमके मर्मावर बोट ठेवले होते. जामीन मंजूर होणे निराळे आणि सुटणे निराळे. मध्ये उभी असते ती अट.

कायद्याला हे ठाऊक नव्हते असे नाही. जामिनाची रक्कम अवाजवी नसावी, असे १८९८ च्या फौजदारी संहितेत होतेच. १९७३ च्या आणि २०२३ च्या संहितेतही ते आले आहे. तरी १९७८ साली मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचे काय झाले पाहा. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला; खाली मॅजिस्ट्रेटने १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला. सख्खा भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून तोही नाकारला! गवंडी पुन्हा दिल्लीच्या दारी गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला १,००० रुपयांच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडण्यास सांगितले आणि परजिल्ह्यातला जामीनदार नाकारण्याच्या रीतीवर कडक ताशेरे ओढले. पुढच्याच वर्षी बिहारच्या तुरुंगांतले कच्चे कैदी देशापुढे आले. गुन्हा शाबीत झाला असता तर जितकी शिक्षा झाली असती, तिच्याहून अधिक काळ त्यांतले कित्येक आत होते.

त्यानंतर पावले पडली, पण सावकाश. २००५ च्या दुरुस्तीने असे ठरले की, जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार देता न आल्यास आरोपीला निर्धन समजावे आणि जातमुचलक्यावर सोडावे. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जामीन मंजूर होऊन महिना लोटला तरी कैदी आतच असेल, तर अट सैल करता येईल का, हे न्यायालयाने आपण होऊन पाहावे.

या साऱ्याचा अर्थ एकच. न्यायालयाला हवा असतो हाजीरजामीन. आपण मागत बसतो मालजामीन. ज्याचे घर, बायकामुले आणि हातचे काम गावात आहे, तो मजूर पळून जाणार तरी कुठे? त्याची हमी त्याच्या संसारातच असते. सातबारा नसला म्हणून ती खोटी ठरत नाही.

दिवाळीला घरचे माणूस घरी असावे, असे सर्वांनाच वाटते. ज्याला न्यायालयाने सोडले आणि केवळ पैशाने अडवून धरले, त्याच्या घरीही कोणीतरी वाट पाहत असते. त्या मुलाला मी म्हणालो, "शेठजी नसते, तर टिळकही आतच राहिले असते."

तो म्हणाला, "मग ज्यांचे शेठजी नाहीत, ते अजून आतच असतील."

घंटा झाली. मुले गेली. मी फळा पुसला. तारखा पुसल्या गेल्या, प्रश्न तेवढा राहिला.