लांब पल्ल्याची चकती निवडताना : ‘अंडरस्टेबल’ ड्रायव्हरची ओळख

डिस्क गोल्फ खेळू लागलेल्या नवशिक्याचा पहिला अपेक्षाभंग बहुधा त्याच्या हातातील चकतीच करते. विजेते खेळाडू जी चकती शंभर मीटरच्या पलीकडे सहज धाडतात, तीच चकती तो मोठ्या हौसेने विकत घेतो. सारे बळ एकवटून ती फेकतो आणि ती जेमतेम पन्नास मीटरवर डावीकडे वळून जमिनीवर आदळते. मग अधिक जोर लावला जातो. खांदा व कोपर दुखू लागतात, फेकीची ढब बिघडते आणि कित्येकदा खेळच सुटतो. दोष त्या खेळाडूच्या हाताचा नसतो, चकतीचाही नसतो. दोष असतो दोहोंच्या जोडीचा. ही जोडी जुळविण्यासाठी ‘अंडरस्टेबल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या चकत्यांचे स्वरूप समजून घेणे उपयुक्त ठरते.

खेळाची पार्श्वभूमी

गोल्फमध्ये चेंडू खळग्यात घालवायचा असतो, डिस्क गोल्फमध्ये चकती साखळ्या लावलेल्या टोपलीत पोहोचवायची असते. जो कमीत कमी फेकींत हे साधतो तो विजयी. ‘व्हॅम-ओ’ कंपनीत फ्रिस्बीच्या जडणघडणीत महत्त्वाचा वाटा असलेले एड हेड्रिक हे या खेळाचे जनक मानले जातात. त्यांच्या पुढाकाराने १९७५ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, ओक ग्रोव्ह उद्यानात पहिले कायमस्वरूपी मैदान उभे राहिले. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, ‘प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन’ (पीडीजीए) ही नियामक संघटना स्थापन झाली. आज जगभरात या खेळाची १५ हजारांहून अधिक मैदाने असून त्यांतील सर्वाधिक अमेरिकेत आहेत. फिनलंड आणि एस्टोनियासारख्या युरोपीय देशांतही हा खेळ घराघरांत पोहोचला आहे. बहुतेक मैदाने सार्वजनिक उद्यानांत असतात आणि तेथे खेळण्यास शुल्क लागत नाही. त्यामुळे खेळाडूचा मुख्य खर्च चकत्यांवरच होतो.

आरंभीच्या काळात खेळाडू साध्या फ्रिस्बीनेच खेळत. १९८३ मध्ये डेव्ह ड्युनिपेस यांनी कडेला उतार दिलेली, पाचरीसारख्या काठाची चकती घडविली आणि खेळाचे रूप पालटले. ही चकती हवा कापत जाई, म्हणून फ्रिस्बीपेक्षा कितीतरी दूर पोहोचे. त्याच सुमारास स्थापन झालेली ‘इनोव्हा’ ही कंपनी आजही या क्षेत्रात अग्रेसर आहे. टोपलीजवळच्या फेकीसाठी ‘पटर’, मधल्या अंतरासाठी ‘मिडरेंज’, त्यापुढे ‘फेअरवे ड्रायव्हर’ आणि सर्वांत लांब पल्ल्यासाठी ‘डिस्टन्स ड्रायव्हर’ असे चकत्यांचे प्रकार पडत गेले. पल्ला वाढत जातो तसा चकतीचा काठ रुंद व धारदार होत जातो.

चकती वळते का?

फिरता भोवरा कलला तरी चटकन पडत नाही. त्याचा कल दिशा बदलत राहतो. उडत्या चकतीचेही तसेच आहे. उजव्या हाताने, ‘बॅकहँड’ पद्धतीने फेकलेली चकती वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. वेग अधिक असताना हवेचा उचल देणारा दाब तिच्या मध्यबिंदूच्या किंचित मागे पडतो. त्यामुळे तिचे नाक खाली दाबले जाते. परंतु ती फिरत असल्याने नाक खाली जाण्याऐवजी संपूर्ण चकती उजवीकडे कलते. वेग ओसरू लागला की हा दाब पुढे सरकतो आणि त्याच न्यायाने चकती डावीकडे कलू लागते. म्हणजे प्रत्येक उड्डाणाचे दोन भाग असतात : वेगात असताना उजवीकडे वळण्याची प्रवृत्ती आणि वेग मंदावल्यावर डावीकडे उतरण्याची प्रवृत्ती.

ज्या चकतीत पहिली प्रवृत्ती प्रबळ असते ती ‘अंडरस्टेबल’ आणि जिच्यात दुसरी प्रबळ असते ती ‘ओव्हरस्टेबल’. डावखुऱ्या खेळाडूसाठी, तसेच उजव्या हाताच्या ‘फोरहँड’ फेकीसाठी या दिशा उलट समजाव्यात.

चार आकड्यांची भाषा

बहुतेक चकत्यांवर किंवा त्यांच्या माहितीपत्रकात चार आकडे दिलेले असतात. ही पद्धत इनोव्हाने रूढ केली. पहिला आकडा वेगाचा (१ ते १४). चकतीने आपले गुण दाखवावेत यासाठी ती किती वेगाने फेकावी लागेल, हे तो सांगतो. दुसरा तरंगण्याचा (१ ते ७). तो जितका मोठा, तितकी चकती हवेत अधिक काळ टिकते. तिसरा आकडा आरंभीच्या वळणाचा (+१ ते -५). तो जितका ऋण, तितकी उजवीकडे वळण्याची प्रवृत्ती अधिक. चौथा अखेरच्या उताराचा (० ते ५). तो जितका मोठा, तितकी चकती शेवटी जोराने डावीकडे जाते.

अंडरस्टेबल ड्रायव्हर निवडणाऱ्याने तिसऱ्या व चौथ्या आकड्याकडे प्रथम पाहावे. वळण -२ ते -५ यांच्या दरम्यान आणि उतार १ किंवा २ असेल तर ती चकती या गटात मोडते. इनोव्हाची ‘रोडरनर’ (९, ५, -४, १) आणि ‘साइडवाइंडर’ (९, ५, -३, १) ही याची परिचित उदाहरणे होत. अधिक वेगवान चकत्यांत ‘माम्बा’ (११, ६, -५, १) व ‘टर्न’ (१२, ६, -३, २) यांचा उल्लेख करता येईल. याउलट, व्यावसायिकांची आवडती ‘डिस्ट्रॉयर’ (१२, ५, -१, ३) आणि हट्टाने डावीकडे जाणारी ‘फायरबर्ड’ (९, ३, ०, ४) यांचे आकडे पाहिले की फरक स्पष्ट होतो.

मात्र हे आकडे कोणत्याही नियामक संस्थेने प्रमाणित केलेले नाहीत. ते उत्पादक स्वतःच ठरवितात. एका कंपनीची -२ आणि दुसरीची -२ तंतोतंत सारखी उडेलच असे नाही.

सावकाश हाताला हीच चकती का?

चकतीवरचे आकडे ती अपेक्षित वेगाने फेकली गेली तरच खरे ठरतात. वेग १२ ची चकती कमी वेगाने फेकली तर तिच्या उड्डाणातील पहिला भाग, म्हणजे उजवे वळण, जवळजवळ येतच नाही. उरतो तो केवळ डावा उतार. म्हणून साठ-सत्तर मीटर फेकणाऱ्या खेळाडूच्या हातात -१ वळणाची ‘डिस्ट्रॉयर’ प्रत्यक्षात कमालीची ओव्हरस्टेबल ठरते. याच खेळाडूने ‘रोडरनर’ फेकली तर तिचे -४ हे वळण त्याच्या अपुऱ्या वेगाची भरपाई करते आणि चकती बऱ्याच अंशी सरळ जाते. कागदावर जी चकती वेडीवाकडी दिसते तीच सावकाश हाताला सरळ आणि दूरची ठरते, ती या कारणाने.

प्रसिद्ध खेळाडूंच्या अनुकरणाचा मोह येथेच महागात पडतो. सहा वेळा जगज्जेता ठरलेला पॉल मॅकबेथ याच्याशी ‘डिस्कक्राफ्ट’ कंपनीने २०२१ मध्ये दहा वर्षांसाठी एक कोटी डॉलरचा करार केला. अशा खेळाडूंच्या नावाच्या चकत्या दुकानांत लक्ष वेधून घेतात. परंतु त्या ज्या हातासाठी योग्य असतात, तो हात नवशिक्याचा नसतो.

कोणी कोणती घ्यावी?

आपण सपाट मैदानावर सातत्याने किती दूर फेकतो, हे मोजणे ही निवडीची पहिली पायरी. सर्वांत लांब गेलेली एखादी फेक धरू नये. दहा फेकींचा मध्यम अंदाज घ्यावा. पुढील विभागणी ढोबळ असली तरी मार्गदर्शक ठरते.

साठ मीटरपर्यंत : डिस्टन्स ड्रायव्हर तूर्तास घेऊच नये. ‘लेपर्ड’सारखी (६, ५, -२, १) सौम्य फेअरवे चकती किंवा मिडरेंज अधिक दूर जाते आणि फेकीची ढबही सुधारते.

साठ ते नव्वद मीटर : वेग ८ ते ९, वळण -३ च्या आसपास. स्वीडनच्या ‘लॅटिट्यूड ६४’ची ‘डायमंड’ (८, ६, -३, १) ही हलक्या वजनातच तयार होत असल्याने या टप्प्यावर उपयुक्त ठरते.

नव्वद ते एकशे दहा मीटर : वेग १० ते १२ पर्यंत जाण्यास हरकत नाही, वळण -२ किंवा -३ असावे.

त्यापुढे : अंडरस्टेबल ड्रायव्हर ही रोजची चकती न राहता खास फेकीसाठी राखून ठेवण्याची चकती होते.

वजन, प्लास्टिक आणि पकड

पीडीजीएच्या नियमानुसार चकतीचे वजन तिच्या व्यासाच्या प्रत्येक सेंटीमीटरमागे ८.३ ग्रॅमपेक्षा अधिक असू शकत नाही. सुमारे २१ सेंटीमीटर व्यासाच्या ड्रायव्हरसाठी ही मर्यादा साधारण १७५ ग्रॅम येते. दुकानांत याच वजनाच्या चकत्या अधिक असल्या तरी त्या सर्वांसाठी योग्य नव्हेत. हलकी चकती कमी श्रमात वेग घेते आणि अधिक सहज वळते. १५० ते १६५ ग्रॅमची चकती नवशिक्यांना, किशोरवयीनांना आणि खांद्याला जपणाऱ्या ज्येष्ठांना मानवते. मात्र वाऱ्यात तिच्यावरचा ताबा लवकर सुटतो.

प्लास्टिकचा प्रश्न खर्चापुरता मर्यादित नाही. साध्या, स्वस्त प्लास्टिकची पकड चांगली असते. पण झाडांवर व दगडांवर आदळून ती चकती लवकर झिजते आणि झिजेल तशी अधिकाधिक अंडरस्टेबल होत जाते. मुळातच -४ असलेली चकती वर्षभरात सरळ फेकता न येण्याइतकी वळू लागते. म्हणून या गटात टिकाऊ, महागडे प्लास्टिक घेणे पुष्कळदा परवडते. एकाच साच्यातील दोन चकत्याही सारख्या नसतात. माथा अधिक फुगीर असेल तर चकती सहसा अधिक तरंगते. काठावरील जोडरेषा वर असेल तर ती कमी वळते. शक्य असल्यास चकती हातात घेऊनच निवडावी.

पकडही तपासावी. वेगाचा आकडा वाढतो तसा काठ रुंद होतो; नियमानुसार तो २.६ सेंटीमीटरपर्यंत असू शकतो. बोटे लहान असतील तर रुंद काठ घट्ट धरता येत नाही आणि चकती हातातून वेळेआधी सुटते. शेजारी माणसे असलेल्या उद्यानात हे धोक्याचेही ठरते.

वारा आणि उंची

चकतीला कळतो तो हवेच्या सापेक्ष असलेला वेग. समोरून वारा असेल तर हा वेग वाढतो आणि अंडरस्टेबल चकती आणखी उजवीकडे कलंडून जमीन गाठते. अशा वेळी ती पिशवीतच ठेवावी. मागून वारा असेल तर मात्र तिच्यासारखी दुसरी सोबत नाही. ती सरळ राहते आणि दूरवर तरंगत जाते. डेव्हिड विगिन्स ज्युनियर याने २०१६ मध्ये नेव्हाडाच्या वाळवंटात ३३८ मीटरची विक्रमी फेक केली, तीही पाठीमागून वाहणाऱ्या जोरदार वाऱ्याच्या साह्याने. समुद्रसपाटीपासून उंचावरील विरळ हवेत सर्वच चकत्या कमी वळतात. डोंगराळ प्रदेशात म्हणून एक पायरी अधिक अंडरस्टेबल चकती निवडली जाते.

कुशल हातांतील उपयोग

हात वेगवान झाला म्हणून ही चकती निरुपयोगी होत नाही. बाहेरची कड खाली झुकवून, म्हणजे ‘हायझर’ कोनात, ती जोराने सोडली की वळणाच्या प्रवृत्तीमुळे ती हवेतच सपाट होते आणि दीर्घ काळ सरळ जाते. या ‘हायझर फ्लिप’ने अरुंद, झाडीच्या वाटेतून मोठे अंतर कापता येते. उजवीकडे लांब वळसा घेणारी ‘टर्नओव्हर’ आणि कडेवर उतरून चाकासारखी धावणारी ‘रोलर’ या फेकींसाठीही हीच चकती हाती घेतली जाते.

दोष ओळखण्याची कसोटी

नवी चकती शांत हवेत, मोकळ्या मैदानावर दहा वेळा सपाट फेकून पाहावी. ती किंचित उजवीकडे जाऊन पुन्हा सरळ मार्गावर येत असेल तर जोडी जुळली. ती उजवीकडे वळून परत येतच नसेल तर दोन शक्यता असतात : चकती हाताच्या मानाने फार अंडरस्टेबल आहे किंवा ती सोडताना मनगट कलंडत आहे. थोडा हायझर कोन देऊनही फरक पडला नाही, तर चकती बदलावी. चकती वर चढून, थबकून डावीकडे पडत असेल तर तिचे नाक वर राहत आहे. हा दोष नवी चकती घेऊन जात नाही. त्याला सरावच हवा.

दहा ते वीस डॉलरच्या एका चकतीची निवड ही तशी लहान बाब. परंतु चुकीच्या चकतीशी झगडताना लागलेली जोर लावण्याची सवय मोडण्यास बराच काळ जातो. वेगाच्या मोठ्या आकड्याला न भुलता आपल्या हाताचा वेग प्रामाणिकपणे मोजणाऱ्या खेळाडूची चकती दूर जाते आणि त्याचा खांदाही शाबूत राहतो.