लहान फटफटी आणि तिचा धनी

मराठी माणसाने मोटारसायकलला फटफटी हे नाव दिले ते तिच्या आवाजावरून. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात साध्या सायकलीला इंजिन जोडून जी वाहने रस्त्यावर आली, त्यांनाही तिकडच्या लोकांनी आवाजावरूनच ‘बाताबाता’ म्हटले. हा नुसता भाषेचा योगायोग नव्हे. पुढे कित्येक वर्षे लहान फटफटीच्या मालकाला तिची प्रकृती आवाजावरूनच ओळखावी लागे, आणि ती बिघडली तर बहुधा स्वतःच्या हाताने सुधारावी लागे. या हस्तविद्येला आपण ट्यूनिंग म्हणतो. वाद्य सुरात लावावे तसे यंत्र लावणे! ती विद्या कशी आली आणि कोठे गेली, हे आज सांगावयाचे आहे.

आरंभ जपानातील हामामात्सु शहरी करावा लागेल. १९४६ साली सोइचिरो होंडा या कारागिराच्या हाती पराभूत सैन्याची काही लहान इंजिने आली. ती वाहनासाठी घडविलेली नव्हती. सैन्याच्या बिनतारी संदेशयंत्रांना वीज पुरवावी एवढेच त्यांचे काम होते. रेडिओसाठी जन्मलेल्या या इंजिनांना होंडाने सायकलीवर बसविले. पहिल्या प्रयोगात पेट्रोलची टाकी म्हणून अंथरुणात ऊब देणारी गरम पाण्याची बाटली वापरली होती. ती इंजिने संपली तेव्हा त्याने स्वतःची घडविली, आणि १९५८ साली ४९ सीसीची ‘सुपर कब’ बाजारात आणली. होंडाचा भागीदार ताकेओ फुजिसावा याची अपेक्षा अशी, की नूडल्सचे ताट एका हातावर तोलून घरोघर पोहोचविणाऱ्या पोऱ्यालाही हे वाहन दुसऱ्या हाताने हाकता आले पाहिजे. म्हणून क्लचची मूठच काढून टाकली. २०१७ साली या गाडीच्या उत्पादनाने दहा कोटींचा आकडा ओलांडला. इतक्या संख्येने घडलेले दुसरे मोटारवाहन जगात नाही.

आपल्याकडे मात्र ही वाट फार उशिरा उघडली. १९६०च्या दशकात भारतीय नोकरदाराला जी मोटारसायकल मिळण्याजोगी होती, ती बहुधा दोन टप्प्यांच्या, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाची. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात चेकोस्लोव्हाकियाची जावा १९६१पासून तयार होऊ लागली. फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सने पोलंडच्या नमुन्यावरून राजदूत काढली. पुण्याची बजाज स्कूटर होती, पण तिच्यासाठी नाव नोंदवून कित्येक वर्षे वाट पाहावी लागे. उत्पादन किती करावयाचे हे सरकारी परवान्यावर ठरत असल्यामुळे मागणी आणि पुरवठा यांची भेटच होत नसे. अशा काळात हाती आलेले वाहन हे कुटुंबातील माणसासारखे सांभाळले जाई. मुलीच्या लग्नापर्यंत ते टिकले पाहिजे, असा हिशेब असे.

टू-स्ट्रोक इंजिनाला झडपा नाहीत, वंगणाची वेगळी टाकी नाही. पेट्रोलच्या वीस ते चाळीस भागांत एक भाग तेल मिसळावयाचे आणि तेच मिश्रण इंजिनाला जाळण्यासाठी व वंगणासाठीही पाजावयाचे. हलते भाग थोडे, म्हणून बिघाड थोडे आणि किंमतही थोडी. पण या साधेपणाची किंमत मालकाला दुसरीकडे मोजावी लागे. अर्धे जळलेले तेल काजळी होऊन प्लगवर, पिस्टनच्या माथ्यावर आणि सायलेन्सरच्या पोटात साचे. गाडी चढावर दमू लागली की सायलेन्सरमधली जाळी काढून ती जाळून साफ करणे आले.

रविवारची सकाळ, जुन्या वर्तमानपत्राच्या कागदावर मांडलेली पाने-पेचकस, आणि प्रथम बाहेर येणारा प्लग. या प्लगाला वैद्याच्या भाषेत फटफटीची जीभ म्हणावयास हरकत नाही. ती फिकट तपकिरी असेल तर प्रकृती ठीक. काळी, काजळीने माखलेली असेल तर पेट्रोल अधिक आणि हवा कमी. पांढुरकी पडली असेल तर पेट्रोल कमी व इंजिन तापते आहे. पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळावयास वजनाने सुमारे पंधरा भाग हवा लागते. ट्यूनिंगचा बराचसा खटाटोप या एका प्रमाणासाठी असतो. म्हणूनच मैदानात लावलेली गाडी सिमल्याला किंवा उटकमंडला नेली की कुरकुरू लागे. दोन हजार मीटरवर हवा सुमारे पंचमांशाने विरळ होते, पण कार्बोरेटरला त्याची वार्ता नसते. तो पेट्रोल पूर्वीच्याच उदारपणे सोडीत राहतो. मग त्याच्या सुईची कडी एक खाच वर चढवून सुई खाली उतरवावी लागे.

प्लगानंतर पॉइंट. ठिणगी केव्हा पडावी हे ठरविणाऱ्या या दोन लहानशा धातूच्या टिकल्या. त्यांच्यामधली फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास असावी लागते. फीलर गेज जवळ नसेल तर दाढीची चार पाती एकत्र धरावीत; एक पाते साधारण ०.१ मिलिमीटरचे असते. टिकल्या नेमक्या कोणत्या क्षणी विलग होतात हे पाहण्याची युक्ती तर मोठी मौजेची. त्यांच्यामध्ये सिगारेटचा पातळ कागद अडकवावयाचा, तो हलकेच ओढीत चाक फिरवावयाचे. कागद सुटला तो ठिणगीचा क्षण. पॉइंटची टाच झिजली की फट कमी होते, ठिणगीला उशीर होतो, आणि गाडी आळसावते.

शेवटी कार्बोरेटर. इंजिन चांगले तापवून हवेचा स्क्रू हलक्या हाताने पुरता आवळावयाचा, मग सुमारे दीड फेरा सोडावयाचा, आणि पाव पाव फेरा मागेपुढे करीत जेथे इंजिन सर्वांत वेगाने व एकसारखे चालेल तेथे थांबावयाचे. नंतर दुसऱ्या स्क्रूने ‘स्लो’ उतरवावयाचा. येथे डोळ्याचे काम नाही, सारे काम कानाचे.

आणि येथेच काटकसरी माणूस फसे. १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले, तेव्हा लिटरमागे चार-सहा किलोमीटर अधिक मिळावेत म्हणून पेट्रोल कमी करण्याकडे साहजिकच कल होई. पण टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलबरोबरच येते. पेट्रोल तोडले म्हणजे तेलही तुटते. महिन्याच्या खर्चात वाचविलेले चार रुपये भर रस्त्यात पिस्टन जाम होऊन सिलिंडरला बोअर मारण्यात कितीतरी पटींनी निघून जात. काटकसर आणि कंजूषपणा यांतील सीमारेषा या यंत्राने जितकी स्पष्ट दाखविली तितकी एखाद्या अर्थशास्त्रज्ञानेही दाखविली नसेल!

१९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात सरकारने शंभर सीसीपर्यंतच्या दुचाकींसाठी परदेशी सहकार्याची दारे उघडली. होसूरला सुझुकी, फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सकडे यामाहा, पुण्याच्या बजाजकडे कावासाकी अशी नाती जुळली. या तिघांनी आणलेल्या शंभर सीसीच्या गाड्या टू-स्ट्रोक होत्या. होंडाने मात्र लुधियानाच्या हीरो सायकल्सच्या मुंजाल कुटुंबाशी संबंध जोडला. सायकलीवर इंजिन बसविणाऱ्याने सायकल घडविणाऱ्याचे घर धुंडावे, हे मला अगदी यथायोग्य वाटते. हरियाणातील धारूहेडा येथे १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० तयार झाली: ९७.२ सीसी, चार टप्प्यांचे इंजिन, सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर, पिस्टनची धाव ४९.५. लिटरला ८० किलोमीटरचा दावा आणि पेट्रोल भरून गाडीला विसरून जा, अशा अर्थाची जाहिरात. चोवीस तास गाडीच्या काळजीत असणाऱ्या माणसाला तिला विसरण्याचा सल्ला देणे हे मोठे धाडस होते. तो सल्ला खरा ठरला. तेल वेगळे, काजळी थोडी. पुढे पॉइंट जाऊन त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक ठिणगी आली, आणि रविवारची सकाळ मोकळी झाली.

टू-स्ट्रोकच्या गेलेल्या दिवसांबद्दल आज पुष्कळजण हळहळतात. यामाहाची आरएक्स १०० १९९६ साली बंद झाली. त्याच वर्षी म्हैसूरचा कारखानाही थांबला. त्या गाड्यांचा आवाज गोड होता हे खरे. पण त्या आवाजामागून येणारा निळा धूर आपल्या शहरांनी वर्षानुवर्षे गिळला, हेही तितकेच खरे. धुराविषयीचे नियम १९९१पासून लागू झाले, १९९६ व २००० साली ते कडक झाले, आणि त्यांच्यापुढे टू-स्ट्रोक मोटारसायकल टिकू शकली नाही. ज्या विद्येने मालकाचे पैसे वाचविले तिने रस्त्यावरच्या मुलाची छाती वाचविली नव्हती.

एप्रिल २०२०पासून भारत स्टेज सहाचे नियम आले आणि लहान मोटारसायकलींतूनही कार्बोरेटर हद्दपार झाला. आता पेट्रोल किती सोडावे हे एक संगणक ठरवितो. हवा विरळ झाली की त्याला कळते. सिमल्याला नेले तरी सुई उतरवावी लागत नाही, कारण सुईच उरली नाही. मालक तर कधीच मोकळा झाला होता. आता प्रश्न चौकातल्या मिस्त्रीचा आहे. झाडाखाली लाकडी पेटी मांडून बसणाऱ्या या माणसाचे भांडवल म्हणजे त्याचा कान. नव्या गाडीचा दोष मात्र स्कॅनर लावून वाचावा लागतो, आणि ते यंत्र विकत घेणे त्याच्या ऐपतीत सहज बसत नाही. ज्याने घेतले तो टिकला. उरलेले जुन्या गाड्यांवर पोट भरतात.

हीरो आणि होंडा यांची भागीदारी २०१०च्या डिसेंबरात संपुष्टात आली. पण १९९४ साली निघालेल्या स्प्लेंडरच्या पोटात अद्याप तेच ९७.२ सीसीचे माप आहे, तोच ५० मिलिमीटरचा व्यास. संगणक आला तरी तिच्या झडपांची, म्हणजे टॅपेटची, फट अजून पाना-पेचकसानेच लावावी लागते. ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. ती वाढली की इंजिनाच्या माथ्यातून बारीक टिकटिक ऐकू येते, आणि मिस्त्री गाडी बंद करावयास सांगतो. कारण हे काम इंजिन थंड असतानाच करावे लागते.