काजव्यांचा हंगाम : अकोले तालुक्यात कुठे दिसतात, कधी संपतो?

अहिल्यानगर जिल्ह्यातील कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे दिसतात. भंडारदरा, रतनवाडी, घाटघर भागातले हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर रात्री लुकलुकू लागतात.

काजवा हा भुंगेऱ्याच्या जातीचा किडा. त्याची अळी महिनोन्महिने ओलसर पालापाचोळ्यात राहते, गोगलगायीसारखे मऊ जीव खाते. पंख फुटल्यावर आयुष्य उरतं जेमतेम काही आठवड्यांचं. तेवढ्यात नराने चमकून बोलवायचं, मादीने प्रकाशानेच उत्तर द्यायचं आणि अंडी घालायची. मध्येच गाडीचे हेडलाइट किंवा मोबाइलची टॉर्च आली की ही खूण पोचत नाही. जोडीच जमली नाही तर पुढच्या वर्षी काजवे येणार कुठून?

वळवाच्या सरींनी सुरू झालेला हंगाम मोसमी पावसाचा जोर वाढला की आटोपतो. २०२५ मध्ये हा पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोचला. एरवीची तारीख ११ जून. असं झालं की काजव्यांचे दिवस घटतात, आणि पर्यटकांच्या जेवणा-मुक्कामावर दोन पैसे मिळवणाऱ्या गावांचेही. म्हणून निघण्याआधी तिथल्या ओळखीच्यांना फोन करून पाऊस विचारलेला बरा. गाडी लांब उभी करा, दिवे बंद ठेवा; थोड्या वेळात डोळे अंधाराला सरावतात. मोबाइलवर फोटो तसाही धड येत नाही.