शोधाचे शिखर आणि पाचोऱ्याचे नाव

22 जानेवारी 2025 रोजी आपल्या तालुक्यातील परधाडे स्थानकाजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली. भयाने रुळांवर उतरलेल्या प्रवाशांना शेजारच्या मार्गावरून जाणाऱ्या कर्नाटक एक्सप्रेसने चिरडले. किमान 12 जीव गेले. त्या दिवशी कोठकोठल्या माणसांनी 'पाचोरा' हे नाव शोधले असेल!

अशा शोधांचा आलेख गूगल ट्रेंड्सवर मिळतो. परंतु त्यातील 100 हा आकडा माणसांची संख्या नव्हे. निवडलेल्या काळात एकूण शोधांच्या प्रमाणात जो उच्चांक, त्यास 100 मानतात. म्हणून शिखर दिसताच कारण ठोकून देऊ नये. आधी तारीख जुळवावी, मग सोबत शोधलेले शब्द पाहावेत. शिखर 23 नोव्हेंबर 2024 चे असेल, तर कारण विधानसभेच्या निकालात शोधावे. सोबत 'पुष्पक' असेल, तर अपघातात. बखर समकालीन पत्रांशी ताडून पाहण्याची जी रीत, तीच ही.

आलेख कुतूहल मोजतो, दुःख नव्हे. चार दिवसांनी रेषा उतरते. ज्यांचे माणूस गेले, त्यांचे ओझे उतरत नाही. न तपासलेल्या एका वार्तेने हे जीव घेतले. निदान त्यांचा इतिहास तरी आपण तपासून लिहावा, असे आम्हांस वाटते.