फोनने टॉवरला किती वेळात उत्तर द्यायचं, याचंही पेटंट मिळतं? पेटंट ऑफिस असे अर्ज तपासतं तरी कसं?

नवरात्रात माहूरला कधी गेला असाल तर हा सीन तुमच्या ओळखीचा असेल. रेणुकामातेचं दर्शन झालं, तांबुलाचा प्रसाद घेतला, दुकानदाराचा क्यूआर कोड स्कॅन केला, पिन टाकला आणि स्क्रीनवर गोल फिरत राहिला. मागे रांग वाढतेय. शेवटी दुकानदारच म्हणतो, "रोख असतील तर द्या भाऊ."

आता तो गोल फिरतो गर्दीमुळे. गडावर एकाच टॉवरवर हजारो फोन तुटून पडलेले असतात. पण गर्दी नसतानाही फोन आणि टॉवरच्या मध्ये एक बारीकसा थांबा असतोच. तो इतका छोटा असतो की आपल्याला जाणवत नाही, पण प्रत्येक रील, प्रत्येक कॉल, प्रत्येक पेमेंटमध्ये तो पुन्हा पुन्हा येतो. त्याला म्हणतात प्रोसेसिंग टाइम. आणि तो किती असावा, कसा ठरवावा, यावर जगभरातल्या कंपन्या पेटंटचे अर्ज करतात.

साहजिकच प्रश्न पडतो की वेळ मोजणं हा काय शोध झाला का? हाच प्रश्न पेटंट ऑफिसलाही पडतो. त्याचं उत्तर काय निघतं, यावर तुमच्या पुढच्या फोनच्या किमतीतले काही रुपये ठरतात.

आधी हा थांबा समजून घेऊ

रजिस्टर पत्राची पोचपावती आठवा. टॉवर तुमच्या फोनला डेटाचा एक तुकडा पाठवतो. फोन तो उलगडतो, चुका तपासतो आणि टॉवरला पोच देतो की "मिळालं" किंवा "बिघडलंय, परत पाठव". तुकडा पूर्ण हातात पडल्यापासून पोच पाठवायला सुरुवात करेपर्यंत फोनला लागणारा वेळ म्हणजे प्रोसेसिंग टाइम.

४जीमध्ये हिशोब साधा होता. सर्वसाधारणपणे तुकडा आला की चार मिलिसेकंदांनी पोच द्यायची. फोन महागडा असो की स्वस्त, नियम एकच.

५जीमध्ये हे बदललं. इथे वेळ 'सिम्बॉल' नावाच्या एककात मोजतात. भारतात ५जीसाठी जो ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा वापरतात, तिथे एक सिम्बॉल साधारण ०.०३६ मिलिसेकंदांचा असतो. अशा ठिकाणी साध्या क्षमतेच्या फोनला किमान १० सिम्बॉल, म्हणजे सुमारे ०.३६ मिलिसेकंद मिळतात. जास्त क्षमतेचा फोन असेल तर साडेचार सिम्बॉल, म्हणजे जेमतेम ०.१६ मिलिसेकंद.

आणि गंमत पुढे आहे. समजा तुम्ही एसटीने दत्तशिखराचा घाट चढताय. गाडी वळतेय, डोंगर आडवा येतोय, सिग्नल क्षणाक्षणाला बदलतोय. हवेत सिग्नल किती बिघडला हे ओळखायला टॉवर काही ठरलेले संकेत पाठवतो, जे फोनला आधीच माहीत असतात. फोन जास्त वेगात असेल तर नेटवर्क असे जादा संकेत पाठवू शकतं, आणि ते तुकड्याच्या शेवटाकडे येतात. ते आल्याशिवाय फोनला नीट उलगडता येत नाही. म्हणून साध्या क्षमतेच्या फोनसाठी १० सिम्बॉलचे १३ होतात. तीन सिम्बॉल म्हणजे किती? मिलिसेकंदाचा साधारण दहावा भाग.

हे सगळे आकडे ५जीच्या मानकात, म्हणजे जगभरच्या फोन आणि टॉवरना पाळाव्या लागणाऱ्या नियमावलीत, तक्त्यात छापलेले आहेत. ही नियमावली 'थ्री-जीपीपी' नावाची संस्था बनवते. ५जी रेडिओची पहिली नियमावली तिने डिसेंबर २०१७ मध्ये लिस्बनच्या बैठकीत मंजूर केली.

मग पेटंट कशाचं?

नुसत्या आकड्याचं नाही. दहाच्या जागी नऊ लिहून पेटंट मिळत नाही. अर्ज असतो पद्धतीवर. उदाहरण म्हणून (हे मी रचलेलं आहे, कुठल्या कंपनीचं नाही) एक दावा असा असू शकतो: "फोन आधी टॉवरला आपली क्षमता कळवतो. टॉवर संकेतांची जागा सांगतो. त्या दोन्हींवरून फोन किमान वेळ ठरवतो. टॉवरने त्याहून कमी वेळात पोच मागितली, तर फोन ती देणं टाळतो."

बघा, यात गणित आहे, पण त्यासोबत एक यंत्र काहीतरी वेगळं वागतंय. सगळी लढाई या दोन गोष्टींच्या मधल्या रेषेवर चालते.

कायदा काय म्हणतो?

आपला पेटंट कायदा १९७० चा. त्याच्या कलम ३ मध्ये 'याला शोध मानायचं नाही' अशी यादी आहे. त्यातलं ३(के) म्हणतं की गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, नुसता संगणक प्रोग्रॅम किंवा अल्गोरिदम याला पेटंट नाही. प्रोसेसिंग टाइमच्या अर्जाला हे कलम आडवं येणार हे उघड आहे. कारण मानकात हा वेळ चक्क एका सूत्राने काढलेला आहे. सिम्बॉलची संख्या घ्या, काही जादा मिळवा, सिम्बॉलच्या लांबीने गुणा. बेरीज आणि गुणाकार.

तर परीक्षक विचारतो की या हिशोबाने फोनमध्ये प्रत्यक्षात काय बदललं? पोच चुकायचं प्रमाण कमी झालं का? मेमरी लवकर मोकळी झाली का? बॅटरी वाचली का? यालाच 'तांत्रिक परिणाम' म्हणतात. अर्जदाराला हे अर्जातूनच दाखवावं लागतं, मागाहून गोष्ट रचून चालत नाही.

हा निकष आपल्याकडे सहज ठरलेला नाही. पेटंट ऑफिसच्या फेब्रुवारी २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सॉफ्टवेअरसोबत हार्डवेअरही नवं असणं गरजेचं होतं. २०१७ मध्ये ती अट काढली. मग डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने फरीद अल्लानी प्रकरणात सांगितलं की तांत्रिक परिणाम दिसत असेल, तर केवळ प्रोग्रॅमवर चालतं म्हणून शोध नाकारता येत नाही. तो अर्ज भारतात आला होता २००२ मध्ये. पेटंटचं आयुष्यच मुळी २० वर्षांचं, त्यातली १७ वर्षं 'हा शोध आहे का' यावरच गेली! २०२५ मध्ये या सूचनांची नवी आवृत्तीही आली आहे.

तारखेचा घोळ, आणि तो सगळ्यात भारी आहे

३(के) वर चर्चा खूप होते, पण मला विचाराल तर अशा अर्जांची खरी परीक्षा तारखेत असते.

शोध नवा हवा, म्हणजे अर्जाच्या तारखेआधी तो जगात कुठेही जाहीर झालेला नको. आता मानक कसं बनतं? कंपन्यांचे इंजिनिअर बैठकीआधी आपले प्रस्ताव थ्री-जीपीपीच्या सर्व्हरवर टाकतात. "आम्हाला वाटतं, इतके सिम्बॉल द्यावेत, कारण असं असं." ही कागदपत्रं कुणालाही उघडता येतात, आणि ती कधी चढवली याची नोंदही तिथेच असते. म्हणजे बैठकीचा प्रस्ताव सोमवारी सर्व्हरवर चढला आणि पेटंटचा अर्ज मंगळवारी केला, तर तो प्रस्तावच अर्जाच्या विरोधात पुरावा होऊ शकतो. मग तो प्रस्ताव त्याच कंपनीचा का असेना.

म्हणून कंपन्या आधी अर्ज करतात, मग बैठकीत बोलतात. आणि परीक्षकाला हजारो प्रस्तावांच्या ढिगातून नेमका तो कागद शोधावा लागतो, ज्यात हीच कल्पना आधी कुणीतरी मांडलेली आहे. तो सापडला नाही, तर जुनीच गोष्ट २० वर्षांसाठी एकाच्या नावावर होऊ शकते.

तंतोतंत तसाच कागद नाही सापडला तरी अर्ज लगेच सुटत नाही. दोन जुने प्रस्ताव शेजारी ठेवले, तर त्या क्षेत्रातल्या जाणकाराला ही युक्ती आपोआप सुचली असती का, हेही पाहतात. सुचली असती, तर पेटंट नाही.

अर्जाचा प्रवास

भारतात पेटंट ऑफिस चार: कोलकाता, दिल्ली, मुंबई आणि चेन्नई. महाराष्ट्रातल्या अर्जदाराचं ऑफिस मुंबईत अँटॉप हिलला. परीक्षकांना प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था आपल्या नागपुरात आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. 'आता तपासा' अशी वेगळी विनंती करावी लागते. तिची मुदत आधी ४८ महिने होती, मार्च २०२४ च्या नियमांनी ती ३१ महिन्यांवर आणली. मग परीक्षकाच्या हरकतींचा पहिला अहवाल येतो. उत्तराला सहा महिने, मागितले तर आणखी तीन. तरीही हरकती मिटल्या नाहीत तर सुनावणी, आणि नंतर निर्णय.

यात आपलं काय जातं?

फोनच्या किमतीतले पैसे.

मानकात बसलेल्या पेटंटला बगल देता येत नाही. शर्टाची बटणं आवडली नाहीत तर चेन लावता येते, पण मानक पाळलं नाही तर फोन टॉवरशी बोलूच शकणार नाही. म्हणून अशा पेटंटच्या मालकांना वाजवी आणि भेदभाव न करणाऱ्या दरात परवाना द्यायचं वचन द्यावं लागतं. वाजवी म्हणजे किती, यावर कोर्टात वर्षानुवर्षं भांडण चालतं.

भारतातलं गाजलेलं उदाहरण एरिक्सन विरुद्ध लाव्हा. २८ मार्च २०२४ ला दिल्ली उच्च न्यायालयाने लाव्हाला सुमारे २४४ कोटी रुपये भरायला सांगितलं. दर धरला फोनच्या निव्वळ विक्री किमतीच्या १.०५ टक्के. म्हणजे १०,००० रुपयांच्या फोनमागे १०५ रुपये, तेही एकाच कंपनीच्या पेटंटसाठी. ती पेटंटं प्रोसेसिंग टाइमची नव्हती, आवाजाचं कोडिंग आणि जुन्या पिढीच्या नेटवर्कची होती. पण वाद ओळखीचाच होता. लाव्हाचं म्हणणं होतं की आवाजाची पेटंटं म्हणजे नुसते अल्गोरिदम आहेत. कोर्टाने ते मान्य केलं नाही. मात्र आठपैकी एक पेटंट रद्द झालं, का? तर त्यात नवीन काही नव्हतं.

एक नाव पडलं ते ३(के) मुळे नाही, नावीन्य नसल्यामुळे. मघाशी तारखेवर इतका वेळ का घालवला ते आता लक्षात आलं असेल.

सामान्य माणूस मध्ये बोलू शकतो का?

बोलू शकतो. पेटंट मंजूर व्हायच्या आधी कुणीही लेखी विरोध नोंदवू शकतं. त्यासाठी तुमचं त्या धंद्याशी नातं असायची अट कायद्यात नाही. (२०२४ पासून शुल्क मात्र लागतं.) मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले, दोघी टीबीतून बऱ्या झालेल्या. त्यांनी बेडाक्विलिन या औषधाच्या पेटंटची मुदत लांबवू पाहणाऱ्या अर्जाला असाच विरोध केला होता. मार्च २०२३ मध्ये पेटंट ऑफिसने तो अर्ज नाकारला.

औषधात हे घडतं, कारण तिथे जीव दिसतो. मिलिसेकंदाच्या दहाव्या भागासाठी कोण उठणार? टेलिकॉममध्ये विरोध आला तर तो बहुतेक दुसऱ्या कंपनीकडूनच येणार. पण नांदेडच्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजात वायरलेस शिकवणारे सर-मॅडम आणि त्यांचे विद्यार्थी तेच सार्वजनिक प्रस्ताव वाचू शकतात, जे परीक्षक वाचतो. कायद्याने त्यांच्यासाठीही हा दरवाजा उघडा आहे.

आणि तुम्हीच काही बनवलं असेल तर?

पहिली गोष्ट, रील टाकू नका. खरंच. फायनल इयरच्या प्रोजेक्टचा व्हिडिओ, कॉलेजच्या ग्रुपवरून फिरलेली पीडीएफ, यूट्यूबवरचा डेमो, हे सगळं जाहीर होणंच आहे. वर कंपन्यांच्या प्रस्तावांचं जे होतं तेच तुमच्या रीलचं होतं. कायद्यात १२ महिन्यांची एक सवलत आहे, पण ती सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन, अभ्यासकांच्या संस्थेत वाचलेला निबंध अशा मोजक्या प्रसंगांपुरती.

शुल्काचं म्हणाल तर वैयक्तिक अर्जदार, स्टार्टअप आणि शैक्षणिक संस्थांना ऑनलाइन अर्जाला १,६०० रुपये आणि तपासणीच्या विनंतीला ४,०००. मोठ्या कंपनीला हेच ८,००० आणि २०,०००. एजंटची फी वेगळी, आणि खरा खर्च तिथेच असतो.

जाता जाता एक गोंधळ मिटवू. लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला, कास्तीच्या कोथिंबिरीला 'पेटंट मिळालं' असे मेसेज फिरतात. ते पेटंट नाही, भौगोलिक मानांकन आहे. ते एका माणसाचं नसतं, त्या भागाचं असतं, आणि त्याची नोंदणी चेन्नईत होते.

खरे अर्ज बघायचे असतील तर पेटंट ऑफिसच्या 'इनपास' या साइटवर जा. शोधायची चौकट इंग्रजीतच आहे, तिथे प्रोसेसिंग टाइम हे शब्द टाका. प्रसिद्ध झालेला अर्ज निवडला की त्याची स्थिती दिसते. तपासणी झाली असेल तर परीक्षकाने घेतलेल्या हरकती आणि कंपनीने दिलेलं उत्तरही तिथेच वाचता येतं, फुकट आणि लॉगिन न करता. हरकतींच्या अहवालात आधी दोन गोष्टी शोधा: परीक्षकाने कोणते जुने कागद दाखवलेत, आणि त्यांच्यावर तारीख काय आहे.